लंबूचा शेंडा

लग्नात आत्याने दिलेला निवडुंग सात वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेला, म्हणून आम्ही त्याला लंबू म्हणतो. या भाड्याच्या घरात आल्यापासून तो हॉलच्या खिडकीकडे पाठ करून सामानाच्या खोलीकडे वाकायला लागला. त्या खोलीला खिडकी नाही. आत घरमालकांचं सामान आहे आणि किल्ली घेऊन ते मुलाकडे परदेशी गेलेत. मी दोनदा कुंडी फिरवून ठेवली, तरी काही महिन्यांत शेंडा पुन्हा तिकडेच.

"तुझ्या लाडाने बिघडलाय तो," नवरा म्हणाला.

शेवटी आज ऑफिसातून रजा काढली आणि नर्सरीवाल्या काकांना घरी बोलावलं. त्यांनी माती चाचपली, खोड दाबून पाहिलं.

"पाणी किती घालता?"

"महिन्यातून एकदा."

"मग तब्येत ठणठणीत आहे. हा उजेडाकडे जातोय, बाकी काही नाही. दिवसभर त्या खोलीत दिवा चालू ठेवत जाऊ नका."

"काका, ती खोली बंद असते. आणि दिवसभर आम्ही दोघंही घरी नसतो."

काकांनी त्या खोलीच्या दारावरच्या काचेकडे बोट दाखवलं. काच पिवळ्या उजेडाने भरली होती. मी इतक्या दिवसांत कामाच्या दिवशी दुपारी कधी घरात नव्हतेच.



आतून बटणाचा टक् असा आवाज आला आणि काच काळी झाली.