बकरीशी बोलतेस तसं

आमच्या जावा बेटावर मोठ्यांशी मानाच्या बोलीतच बोलायचं. मेजवानीत नातीने, रारासने, मला घरच्या बोलीत जेवायला बोलावलं. तिच्या आत्याने, म्हणजे माझ्या लेकीने, तिला पाहुण्यांसमोरच झापलं. तेव्हापासून रारास माझ्याशी शाळेतली इंडोनेशियनच बोलते, तीही मोजकी. आज गोठ्यातून खिदळणं ऐकू आलं. रारास बकरीशी घरच्या बोलीत भरभरून बोलत होती. मी फणसाचा पाला घेऊन शेजारी बसलो. म्हणालो, “माझ्याशीही असंच बोल ना.” “चुकलं तर?” तिने शाळेच्या भाषेत विचारलं. “बकरी चुका काढते?” “ती बकरी आहे, आजोबा!” “मलाही बकरीच समज.” आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, लाडावून ठेवा! चारचौघांत नाक कापेल.” “मानाची बोली सावकाश शिकवीन. आधी तिला बोलू दे.” मी बकरीपुढे पान धरलं. रारास घरच्या बोलीत किंचाळली, “म्हाताऱ्या, देठाकडून धर, बोट चावेल!” मी निमूट देठ धरला.