वाडी वेगळी होते

“आज चहा बी न्हाई व्हय?”

छबुबाईनं ओट्यावर टेकायच्या आधीच विचारलं. अंगणात सगळी वाडी जमलेली, पाटोद्याच्या तालुका कचेरीतून आलेला साहेब खुर्चीवर बसलेला, आणि घरातून कपबशीचा साधा आवाज नाही.

“चूल पेटवली न्हाई अजून,” भिवराबाई म्हणाली. “आधी बैठक हुंदे.”

थोरल्या जावेचा चिक्कूपणा छबुबाईला नवा नव्हता. पण परक्या माणसापुढंसुद्धा? भिवराबाईची सून सत्यशीला दारात उभी होती. डोळे लालभडक.

“कावून गं डोळे लाल?”

“धूर गेला, आत्याबाई,” म्हणत ती आत वळली.

एक म्हणते चूल पेटली नाही, दुसरी म्हणते धूर गेला. छबुबाईनं नाक मुरडलं. दूधच लपवायचं होतं तर दोघींनी मिळून एक खोटं तरी ठरवायचं.

नदीपलीकडचं गाव आणि ही वाडी मिळून एकच ग्रामपंचायत, एकच दूध डेअरी. त्यातून फुटायचं की राहायचं, ते आज ठरायचं होतं. आजच. उद्या कारखान्याच्या गाड्या येणार, वाडी कोयते घेऊन ऊसतोडीला जाणार, मग हात वर करायला मागं म्हातारी माणसं आणि शेरडं. मागच्या साली असंच राहून गेलं होतं. कुणाच्या घरी काही झालं आणि सभा मोडली, तर पुन्हा वर्षभर थांबा, असं साहेबानं आल्याआल्या सांगून टाकलं होतं.

अंगद उभा राहिला. छबुबाईच्या पोटचा पोरगा, पण बोलायला लागला की आईच्या उलट.

“रस्त्याचा पैसा वाडीच्या नावानं येतोय आन् कमान गावाच्या वेशीत उभी राहतीय. दूध आमचं, फॅट मोजून भाव लावणार त्यंचा माणूस. काय ठिवलंय तिथं?”

“डेअरीनं न्हाई घेतलं तर बसा पीत सगळं,” छबुबाई म्हणाली. “बाजार त्यंचा. हायस्कूल त्यंचं.”

“पाटोद्याला टेम्पो लावू दुधाला.”

“टेम्पो येणार कुठून? उडत? रस्ता हाय का?”

“आगं आई, त्येच तर सांगतोय मघापासनं!”

अंगण खदखदून हसलं. साहेबही हसला. छबुबाईनं हसू विरू दिलं आणि मग ठेवणीतलं बाहेर काढलं.

“आन् घाट?”

 वाडीला स्वतःचा मसनवटा नव्हता. पिढ्यान् पिढ्या वाडीची माणसं गावच्या नदीकाठीच जळत आलेली. सरपंच तानाजीनं निरोपच धाडला होता, फुटलात त्या दिवसापासून आमच्या घाटावर तुमचं सरण नाही.

“मरायची घाई कुणाला हाय आत्ता?” मागून कुणीतरी म्हणालं. माणसं पुन्हा हसली. भिवराबाई हसली नाही.

छबुबाईच्या माणसाला तिथंच अग्नी दिलेला. आपलंही त्याच काठाला व्हावं, एवढं एकच तिचं देवाकडं मागणं उरलं होतं. या पोरांना ते कसं कळावं?

“आक्का, तुमचा लेक अभिमन्यू बी तिथंच हाय की,” ती म्हणाली.

“हाय. पान लागलं, साप डसला तवा बाजंवर घालून नेलतं त्याला. नदी वलांडतानाच जीव गेला. रस्ता आसता तर दवाखान्यात नेला आसता, घाटावर न्हाई.”

 पण छबुबाई हटणारी नव्हती.

“थोरल्या मालकांनी सगळ्यांदेखत सांगून ठिवलंय, मला पोराशेजारी न्या म्हणून. इचारा त्यास्नी!”

भिवराबाईचे मालक सुंदरराव महिनाभर आजारी, आतल्या खोलीत पडून होते. अंगद चुलत्याला विचारायला उठला, तशी भिवराबाई दारात आडवी झाली.

“तू थांब. म्या जाते.”

छबुबाई स्वतः गेली नसती. मोठ्या दिरापुढं ती उभ्या जन्मात कधी गेली नव्हती.

भिवराबाई बराच वेळ आत होती. बाहेर आली ती पदर सारखा करत.

“काय म्हणले?” साहेबानं विचारलं.

“काही बोलले न्हाईत.”

“म्हंजे नको म्हणले न्हाईत!” अंगद ओरडला. माणसांना पटलं. सुंदररावांचा नकार असता तर तो वेशीपर्यंत ऐकू आला असता.

छबुबाईचा तोल गेला. “तुमचं काय जातंय, आक्का? कपाळ भरलेलं हाय तुमचं! जिचा माणूस त्या काठाला गेलाय, तिला इचारा घाट काय आसतो त्ये!”

 भिवराबाईचा हात कपाळाकडं निघाला, अर्ध्यावर थांबला, खाली आला.

“हात मोजा, साहेब,” ती म्हणाली.

हात वर झाले. सत्यशीलाचा दारातून झाला. भिवराबाईचा सगळ्यात उंच. छबुबाईनं आपला हात पदरात घट्ट धरून ठेवला, पण एकटीच्या हातानं काय होणार? साहेबानं सह्या घेतल्या, अंगठे घेतले, कागद पिशवीत घातला. जीप माळ उतरून दिसेनाशी होईपर्यंत भिवराबाई ओट्यावर उभी राहिली. 

अंगदनं गुलालाची पुडी फोडली. छबुबाई जायला उठली. आता आपण कुठं जळायचं, हे या लेकरांनी ठरवायचं.

“गुलाल राहू दे, अंगद,” भिवराबाई म्हणाली. “चार माणसं घे आन् वरल्या माळाला जागा साफ कर. दिवस मावळायच्या आत.” आणि मघाशी अर्ध्यावर राहिलेला हात कपाळापर्यंत नेऊन तिनं कुंकू पुसून टाकलं.