लाल फुली

जयपूरच्या आमच्या कारखान्यात ट्रेलरच्या ब्रेकला लागणाऱ्या हवेच्या टाक्या बनतात. टाकीत हवा भरून मी ती पाण्यात बुडवतो. बुडबुडे आले तर लाल फुली, नाहीतर टाकी पास म्हणून पत्र्यावर माझ्या नंबरचा लोखंडी पंच ठोकतो, सोबत तारीख.

ताईच्या लग्नाला निघालो तेव्हा लाल फुलीच्या अकरा टाक्या भंगारात जायच्या होत्या. पंच राजनदादांकडे ठेवायला दिला. रंगकाम तेच बघतात. आमच्याच साताऱ्याकडचे, इथलं माझं एकमेव हक्काचं माणूस.

"दादा, कुणाच्या हातात देऊ नका हं."

परवा बस्सीच्या ढाब्यावर, संगमरवराने भरलेल्या एका ट्रेलरखाली आमची टाकी दिसली. काळ्या रंगाचा पोपडा उडाला होता आणि खालून माझी लाल फुली डोकावत होती. शेजारीच माझा नंबर ठोकलेला. तारीख ताईच्या लग्नाची.

तिथूनच दादांना फोन लावला.

"दादा, मी गावी होतो तेव्हा माझा पंच कुणी घेतला होता का?"

 

"छे रे! आईशप्पथ, माझ्याशिवाय कुणी हातसुद्धा लावला नाही त्याला."