माळावरचा माणूस

फवारायला रानात पीकच उरलं नव्हतं, तरी दिवस कलल्यावर पंचशीलानं ड्रोन बचत गटाच्या तीनचाकीत चढवला. ओसरीवर बसलेल्या भीमानं विचारलं, "आज परत कुठं?"

"माळावर. आले जाऊन," म्हणत तिनं गाडी सुरू केलीसुद्धा.

नवरा वर्षानं सुट्टीवर आलेला, आणि ही रोज उठून माळावर. भीमाच्या जिवाची नुसती आग झाली.

भीमा पायदळात नाईक होता. सुट्टीवर येताना जळकोटच्या स्टँडवर उतरला की हॉटेलातली माणसं त्याला हाका मारून बसवत, चहा पाजत, सीमेवरच्या गोष्टी विचारत. या खेपेला तिथं उदगीरचा जिल्हा होणार की नाही यावर जुंपली होती. ते भांडण थांबवून एकानं त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही ड्रोनवाल्या पंचशीलाबाईचे मालक न्हव का?"

तो चहा भीमाला कडू लागला.

गटातर्फे प्रशिक्षणाला जाऊन तिनं परवाना आणला होता. पाऊस होता तोवर गावोगाव तूर, सोयाबीन फवारून दिलं. एरवी ज्यांच्या बांधावर तिला कुणी बसही म्हटलं नसतं, ते आता खुर्ची पुसून देत होते. भीमाला याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात एक सल होता आणि तो त्यानं घरात कुणाला कळू दिला नव्हता.

पलटणीत सगळंच बदलून गेलं होतं. पूर्वी पाठीवर ओझं घेऊन डोंगर कोण चढतो, गोळी कुणाची नेमकी लागते, यावर माणसाची किंमत ठरे. त्यात भीमाचा हात धरणारा कुणी नव्हता. आता शिकवणारे उस्ताद सांगत, शत्रू समोर दिसायच्या आधी तो तुम्हाला वरून बघून मोकळा झालेला असतो. रायफल येते तसा ड्रोन प्रत्येकाला आलाच पाहिजे. भीमाची राठ बोटं रिमोटच्या त्या बारक्या दांड्यांवर बसेनात. सरावाच्या संगणकावर त्याचा ड्रोन दर वेळी झाडावर जाऊन आपटे. तो नापास झाला. मिसरूड न फुटलेला जवान ड्रोन उडवी आणि भीमा त्याच्यामागं बॅटऱ्यांची पेटी वाही. आणि इकडं त्याची बायको, जिला लग्न झालं तेव्हा सायकलही येत नव्हती, ती हेच यंत्र घारीसारखं फिरवत होती.

आल्या आल्याच तिनं विचारलं होतं, "बघता का उडवून?"

"आमचं रोजचंच हाय ते," असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं होतं.

पण माळावर काय आहे? नुसत्या खडकावर ही कुणासाठी यंत्र उडवते? भीमाला बसवेना. तो उठला आणि गाडीच्या चाकोरीनं चालू लागला.

औंदाच्या दुष्काळानं माळ पार उघडा पडला होता. गवताची काडी नव्हती. दुरूनच त्याला पंचशीला दिसली. मान खाली घालून ती रिमोटच्या पडद्यात बघत होती. ड्रोन घरघरत पुढं गेला आणि एका बाभळीच्या वर हवेतच थांबला. भीमानं तिकडं पाहिलं. बाभळीच्या बुडाशी एक माणूस बसला होता.

भीमानं पायाजवळचा धोंडा उचलला आणि तो बाभळीकडं धावत सुटला. जवळ गेला आणि त्याचे पाय जागीच थबकले. माणसाच्या अंगात फौजेची जुनी वर्दी होती. छातीवर भीमाच्याच नावाची पट्टी होती. आत तुराट्या भरल्या होत्या आणि डोक्याच्या जागी गाडगं होतं.

पंचशीला पळत आली. ड्रोन तिनं मागं उतरवून ठेवला होता.

"माझं बुजगावणं केलंस?" भीमा ओरडला. "गावात माझी काय किंमत उरलीय ते कमी पडलं का?"

ती धापा टाकत होती. "वरडू नका. मोबाईलवर लढाई बघितली मी. उघड्या रानात एक शिपाई पळत होता, आन् हे असलं यंत्र वरून त्याच्या मागं. त्यानं वर बघून हात जोडले हो. तवापासून झोप न्हाई मला. तुमच्या सीमेवर बी असंच बोडकं रान हाय, म्हणला होतात न्हव?"

भीमाच्या हातातला धोंडा खाली पडला.

"कुठं बसवलं म्हंजी वरून दिसत न्हाई, ते बघते मी," ती म्हणाली. "बाभळीखाली बसवलं, दिसलं. ओढ्याच्या वगळीत निजवलं, दिसलं. बांधाच्या कडंला दिसलं. सगळीकडं दिसताव तुम्ही."

त्यानं वर्दीवरची नावाची पट्टी नीट केली. मग खाली मान घालून म्हणाला, "शीला, मला ते यंत्र येत न्हाई. नापास झालोय मी. तू शिकवशील?"

"शिकवीन की," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "पर आधी लपा."

भीमा निघाला. अंग झाकायला झुडूपसुद्धा नव्हतं. वगळ संपते तिथं पुरानं पूर्वी कधीतरी खडकाखालची माती खाल्ली होती. त्या कपारीत तो सरपटत शिरला, गुडघे छातीशी घेतले आणि अंगावर माती ओढून घेतली. वरून घरघर आली. पुढं गेली. फिरून आली, डोक्यावर थांबली. भीमानं श्वास रोखला. घरघर दूर गेली, पुन्हा आली, माळभर हिंडत राहिली.

मग लांबून पंचशीलाचा आवाज आला, रडवेला आणि आनंदानं फुटलेला.

"दिसंना! अहो, दिसंना तुम्ही मला!"