कंकण बांधण्याआधी

सूर्य ताडांच्या शेंड्यांना टेकला, तरी तो उत्तरेकडचा मजूर गावातच होता.

वीरणन देवळासमोर उभा राहून सारखा घाम पुसत होता. दिवेलागणीला मारियम्मन देवीच्या उत्सवाचं हळदीचं कंकण बांधायचं. ते बांधलं की उत्सव संपेपर्यंत परक्या माणसानं गावात रात्र काढायची नाही. हे बघणं मुखियाचं काम, आणि मुखिया वीरणन होता. गेल्या वर्षी त्याचा सख्खा जावई मदुराईहून आला, तर इरुळाई म्हातारीनं त्याला वेशीवरूनच परत पाठवलं होतं.

आणि आज वीटभट्टीवरचा तो मजूर, दैतारी, तापानं फणफणून कोसळला, तो नेमका इरुळाईच्याच ओट्यावर.

दुपारी नर्सबाई गोळ्या देऊन, त्याला दोन दिवस हलवू नका असं बजावून गेली होती. भट्टी उत्सवासाठी बंद होती. तिथं त्याला पाणी पाजायलाही कुणी नव्हतं. गावातला मायाण्डी मात्र त्याला वेशीबाहेर न्यायला टेम्पो आणून तयार होता.

"मुखिया, जावयाला एक न्याय आणि ह्या उत्तरेकडच्या वडक्कनला दुसरा?" तो म्हणाला. माणसं हसली. "तुमच्यानं होत नसेल तर राहू द्या. अप्पत्ता एका शब्दात हाकलेल त्याला."

इरुळाईला सगळं गाव अप्पत्ता, म्हणजे आजी, म्हणायचं. वीरणनला दोन्हीकडून धास्ती होती. पोराला भट्टीवर टाकलं आणि तो तिथंच गेला तर? आणि ठेवून घेतलं नि देवी कोपून यंदा पाऊस फिरकलाच नाही, तर गाव बोट कुणाकडे दाखवणार?

मंडळी इरुळाईच्या दारात पोचली आणि थबकली. चौकटीला कडुनिंबाचे डहाळे खोवले होते. उंबऱ्यावर हळदीचं पाणी शिंपडलं होतं. दैतारीला आत घेऊन, दार अडवून म्हातारी बसली होती.

"चपला काढा," ती म्हणाली. "आई आलीय त्याला. अंगभर देवीचे फोड आहेत."

मायाण्डीनं चपला काढल्या. मागची माणसं कुजबुजायला लागली. परका तो परकाच, असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"उत्सव कुणाचा रे?" इरुळाईनं विचारलं. "मारियम्मनचाच ना? मग तिलाच टेम्पोत घालून वेशीबाहेर टाकणार? टाक, मायाण्डी. तू हो पुढे."

मायाण्डी पुढे झाला नाही. पण मुखियानं एकदा आत जाऊन डोळ्यांनी बघावं, मग गाव मानेल, असं त्यानं सुचवलं. सगळ्यांना ते पटलं.

वीरणन आत गेला. मागोमाग दिवा घेऊन इरुळाई आली. दैतारी आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. वीरणननं वाकून त्याच्यावरची चादर आणि निंबाचा पाला बाजूला केला. दिवा जवळ आला. तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्या गावची रीत मी तुझ्या आधीपासून सांभाळतेय, वीरणा," म्हातारी हळूच म्हणाली. "जा. बाहेर जाऊन सांग."

तो बाहेर आला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोडले.

"आईच आहे," तो म्हणाला.

बायका शहाळी आणायला घरी धावल्या. मायाण्डीनं उंबऱ्याला कपाळ टेकवलं. देवळाकडे ढोल वाजायला लागला. पुजाऱ्यानं पहिलं कंकण मुखियाला बांधलं, तेव्हा वीरणननं डोळे घट्ट मिटून घेतले. लोकांना वाटलं, भक्तीनं.

दैतारीच्या अंगावर एक पुटकुळीसुद्धा नव्हती.