बिननावाची बाई

“शो कॅन्सल झाला,” थेटरचा मॅनेजर माणिकराव म्हणाला. “आजपासून चारी शो मोठ्या पिक्चरला दिलेत. मालकांचा हुकूम हाय.”

झरीहून टेम्पो भरून आलेली माणसं परभणीतल्या त्या थेटरापुढं उन्हात उभी होती. सिद्धोधननं त्यांच्याच गावात, त्यांनाच घेऊन ऊसतोडीवर पिक्चर काढला होता आणि आज इथं त्याचाच शो होता. मुकादमासमोर कोयता आपटून फडातून निघून जाणारी बाई त्यात तानुबाईनं केली होती. पडद्यावर आपण कशा दिसतो, हे तिनं अजून पाहिलं नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

“काल तर हो म्हणले होते तुमी!” सिद्धोधनचा आवाज चढला. “ही माणसं कामधंदा सोडून आलीत.”

“मग बसवतो ना त्यांना आत. मोठा पिक्चर बघा, फुकट. एसी बी हाय.”

माणसं क्षणभर घुटमळली आणि आत गेली. सिद्धोधन पायरीवरच बसला. तानुबाईचा पाय निघेना. पण नवरा, लिंबाजी, दारातून हाका मारायला लागला, तेव्हा तीही गेली.

पिक्चर सुरू झाला तसे कान बधिर झाले. जीपगाड्या पतंगासारख्या उडत होत्या. हिरोनं एका हातानं ट्रॅक्टर उचलला, तेव्हा तानुबाईलाही हसू फुटलं. मग उसाचा फड आला आणि फडात एक बाई. रापलेली, हातात कोयता, डोक्याला फडकं. तानुबाई खुर्चीत पुढं सरकली. आता ही काय बोलती?

बाई काहीच बोलली नाही. गुंडांनी तिला केसाला धरून फरफटत नेलं, मारून चिखलात टाकून दिलं. तिच्या शेजारी हिरोचं बुटातलं पाऊल पडलं, ढोल घुमले आणि सगळं थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. लिंबाजीनंही दोन बोटं तोंडात घातली होती.

“तिचं नाव काय व्हतं हो?” तानुबाईनं विचारलं.

“कुणाचं?”

“मेली त्या बाईचं.”

“तिला कशाला लागतंय नाव? गप बघ. आता हिरो बदला घ्यायलाय.”

तानुबाईच्या अंगाची लाही झाली. पुढचं तिला काही दिसलं नाही. इंटरवलला लोक चहाला उठले, तशी ती उठली आणि सरळ पडद्याखालच्या कट्ट्यावर चढून उभी राहिली.

लोक परतले. गलका झाला. माणिकराव धावत आला, मागून सिद्धोधन.

“मावशी, खाली या,” सिद्धोधन काकुळतीला आला. “पोलिसाला बोलवतील.”

“बोलवू दे.”

दिवे गेले. प्रकाशाचा झोत आला आणि हिरोचं भलंमोठं तोंड तानुबाईच्या लुगड्यावर चुरगळलं.

“ओ बाई, उतरा!” माणिकराव ओरडला. “पिक्चर चालू झालाय!”

“चालू दे की!” डोळ्यात घुसणाऱ्या उजेडाकडं बघत तानुबाई कडाडली. “एकदा मारलंय मला. आता पुन्यांदा मारा, अन् वाजवा शिट्ट्या!”