लोखंडाची वाटणी

तुमच्या लिव्हरात लोखंड साचलंय, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा पुंजारामला वाटलं, सळयांच्या कारखान्यांच्या जालन्यात राहून दुसरं काय साचणार? पण डॉक्टर हसले नाहीत. हा दुर्मिळ आजार घराण्यातून येतो, वेळेत कळला तर रक्त काढून लोखंड कमी करता येतं, नाहीतर पुढं कॅन्सर होऊ शकतो. पुंजारामचे आप्पा आयुष्यात दारूला शिवले नव्हते, तरी लिव्हरच्या कॅन्सरनंच गेले होते.

"सख्खा भाऊ असेल तर त्याचीही तपासणी करा," डॉक्टर म्हणाले.

भाऊ होता. सूरज. जुन्या जालन्यात त्याचं भंगाराचं दुकान होतं आणि घराच्या वाटणीपासून बोलणं बंद होतं. तपासणीला ये म्हटलं तर तो फोनच ठेवणार. तरी पुंजारामनं फोन लावला.

"सूरज, आप्पांचं एक वाटायचं राह्यलंय."

"काय?"

"लोखंड."

"किती हाय?"

"तुझ्या वाट्याला किती, ते बघितल्यावरच कळंल. दवाखान्यापाशी ये. तिथंच कळतंय."

"माझ्याबिगर हात लावू नको, दादा. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सूरज रिकामा टेम्पो घेऊन दवाखान्याच्या फाटकात हजर. आपली चलाखी जमली म्हणून पुंजाराम हसणारच होता, तेवढ्यात सूरज टेम्पोतून खाली उतरला. उतरताना त्यानं उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला होता, आप्पा धरायचे, अगदी तस्साच.